तानाबाईच्या घराण्याचा सातवा नियम

दुपारी एक वाजला की शिवलीला पट्टणकुडे टायपिंग क्लासचं शटर अर्धं खाली ओढायची, डब्यातली भाकरी चार घासांत संपवायची आणि चार नंबरच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसायची. तीनपर्यंत कुणी हाक मारायची नाही. राजारामपुरीतली निम्मी दुकानं त्या वेळात झोप काढतात, मग एका बाईनं दोन तास स्वतःसाठी घेतले तर कुणाचं काय जात होतं? पण ती स्वतःसाठी वेळ घेत होती असं म्हणणंही खरं नव्हे. तिथंही ती घरच सांभाळत होती. फक्त ते घर पडद्यावरचं होतं.

हा खेळ तिला राजनंदिनीनं लावून दिला होता. राजनंदिनी क्लासमध्ये कॉम्प्युटरच्या बॅच घ्यायची. वय अठ्ठावीस, लग्न झालेली, तोंडानं फटकळ. २००५ च्या दिवाळीनंतर तिनं कुठूनशी सीडी आणली आणि चार नंबरवर चढवली. खेळ म्हणजे काय, तर माणसं पाळायची. त्यांना जेवू घालायचं, अंघोळीला धाडायचं, नोकरीला लावायचं, रुसली की समजूत काढायची. ती प्रेमात पडतात, लग्नं करतात, त्यांना लेकरं होतात, केस पिकतात आणि एक दिवस मरतात. एक आख्खा जन्म आपल्या तीसेक तासांत उरकतो. जिंकणं नाही, हरणं नाही. पहिल्या दिवशी शिवलीला म्हणाली, "ह्यात खेळ कुठला गं? हे तर मी घरात रोज फुकट करतोय."

जिंकणं-हरणं नसलं की माणसं कंटाळतात, आणि कंटाळलेली माणसं स्वतःलाच नियम घालून घेतात. राजनंदिनीनं सायबर कॅफेतून इंग्रजी दोन पानं छापून आणली. परदेशातल्या खेळणाऱ्यांनी आपापसांत ठरवलेले नियम होते ते. एकाच माणसानं मोकळ्या प्लॉटवर सुरुवात करायची आणि त्याच जागेवर घराणं दहा पिढ्या चालवून दाखवायचं. नियम मोडला तर पोलीस येत नाहीत. खेळाला तर पत्ताही नसतो की कुणी असलं काही पाळतंय. आपणच घालायचे, आपणच पाळायचे आणि मोडले तर आपलीच आपल्याला लाज वाटायची. शिवलीलाला हे एकदम पटलं. खेळ तिला तितका आवडला नव्हता, नियम आवडले.

ती पानं तिनं घरी नेली आणि शांतव्वाला, म्हणजे आपल्या आईला, संध्याकाळचा चहा देऊन तिच्या शेजारी बसून मराठीत उतरवली. दोनशे पानी वही, निळी शाई, आखलेला समास. परीक्षेला बसणाऱ्या पोरींना ती वीस वर्षं सांगत आली होती, की समोरच्या कागदावर आहे तेच उमटलं पाहिजे, आपल्या पदरचं काही नको. घर विकायचं नाही, प्लॉट सोडायचा नाही. पैशासाठी चोरटा कोड वापरायचा नाही. थोरलं लेकरू घर चालवणार, मुलगा असो की मुलगी. बाकीच्यांनी बाहेर पडायचं. मागं फिरायचं नाही, म्हणजे काही वाईट झालं म्हणून मशीन बंद करून जुन्या जागेवरनं परत खेळायचं नाही. मोठी घटना घडली की लगेच सेव्ह. असे करत दहा नियम झाले. सहाव्यात मात्र तिनं मुद्दाम घरची रीत घातली, की मेलेल्या माणसाचं नाव पुढच्या एखाद्या पिढीत परत ठेवायचं. पट्टणकुड्यांच्या घरात तसंच चालत आलेलं. आणि ती प्रामाणिक बाई असल्यामुळं पुढं कंसात लिहिलं, 'हा आपला.'

सूट फक्त एका गोष्टीला होती. त्या वर्षी भारनियमनानं सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. त्यांच्या गल्लीत मंगळवारी आणि शुक्रवारी तीनच्या ठोक्याला लाइट जायची, आणि चार नंबरच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. सेव्ह करायच्या आधी लाइट गेली तर खेळ आपोआप मागं जायचा. 'लाइट गेल्यास दोष आपल्या माथी नाही', असं वहीच्या तळाला लिहून तिनं खाली सही केली होती. स्वतःच्या वहीत स्वतःची सही! राजनंदिनी पोट धरून हसली होती.

घराण्याची पहिली बाई तानाबाई. सोनेरी केसांची, गुडघ्यापर्यंत झगा घातलेली तानाबाई. मोकळ्या प्लॉटवर एक पलंग, एक चूल, आडोशाला संडास, आणि भिंत एकही नाही. तिथून शिवलीलानं तिचं घर उभं केलं. पहिली तानाबाई गेली, मग तिची लेक धोंडुबाई गेली, नातीला तर पोहायचा तलावसुद्धा झाला. पाचही पिढ्यांत थोरली मुलगीच होत गेली. चौथीचं नाव बाळाबाई, आणि तिची लेक पुन्हा तानाबाई, कारण नाव फिरून आलं होतं. क्लासमधल्या पोरी पडद्यावरचा तो तलाव आणि त्याच्या काठावरच्या बायकांची ती नावं बघून तोंडाला ओढणी लावायच्या. शिवलीला त्यांच्याकडं लक्ष देत नसे. तिला दहा पिढ्या गाठायच्या होत्या.

आता हिची स्वतःची गोष्ट. ती फार मोठी नाही. क्लास तिच्या वडिलांनी, सोमलिंगांनी, आठ टाइपरायटरवर काढलेला. थोरली शिवलीला, धाकटा बसवेश. बसवेशला १९९१ मध्ये पुण्याला नोकरी लागली. तिकडंच त्याचं लग्न झालं, तिकडंच घर झालं. पुढच्या वर्षी सोमलिंगांना लकवा मारला. शिवलीला तेव्हा सत्तावीसची. संकेश्वरचं एक स्थळ बोलण्यात होतं. तीच म्हणाली, "अप्पा बरं झाल्यावर बघू." अप्पा बरे झाले नाहीत, पण गेलेही नाहीत. नऊ वर्षं अंथरुणावर होते आणि नऊ वर्षांत पाठीला एक जखम नाही. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे. २००१ मध्ये अप्पा गेले, तोवर शांतव्वाची साखर, शांतव्वाचा रक्तदाब आणि शांतव्वाचे गुडघे रांगेत उभेच होते. शिवलीलानं त्यांनाही हातात घेतलं. पहाटेचं फिरणं, कारल्याचा रस, डब्यात वारांप्रमाणे गोळ्या. शांतव्वा एकोणऐंशीची झाली आणि तिच्याकडं बघून लोक सत्तरीची म्हणायचे. शिवलीला एक्केचाळीसची झाली आणि लोक तिला पन्नाशीची म्हणायचे. ती थकली होती. झोपून उठल्यावर जाणारा थकवा वेगळा, हा तसला नव्हता.

आणि श्रीशैल. बिद्रीच्या साखर कारखान्यात कचेरीत कामाला, घर गारगोटीत, वय अठ्ठेचाळीस, बायको वारलेली, एकुलती लेक निपाणीला दिलेली. २००२ मध्ये शिवलीलाच्या चुलत्यानं, आण्णानं, हे स्थळ आणलं होतं. तेव्हाही तिनं 'आधी अव्वाचं बघू' म्हणून आईच्या नावावर पुढं ढकललं. हा माणूस नाराज झाला नाही. कोल्हापूरला काही कामानं आला की क्लासवर डोकवायचा, एखादा अर्ज टाइप करून घ्यायचा, चहा प्यायचा आणि पाच वाजताची गाडी धरायचा. चार वर्षांत त्यानं पुन्हा विषय काढला नव्हता. २००६ च्या मे महिन्यात काढला.

"पंधरा दिवसांत काय ते सांगा," तो म्हणाला. "न्हाई म्हणालासा तरी राग न्हाई. पण मग गारगोटीचं घर भाड्यानं लावून मी लेकीकडं निपाणीला जातो. एकट्यापुरतं शिजवून शिजवून कटाळलोय बघा."

शिवलीलानं मान हलवली. व्हय म्हणून नव्हे, न्हाई म्हणूनही नव्हे. तिला जायचं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण श्रीशैल कपबशी खाली ठेवून जिना उतरला, की तिला बाकीची दुपार रिकामी वाटायची, आणि ती रिकामी वाटते म्हणून तिला स्वतःचा राग यायचा. पंधरा दिवसांतले तेरा दिवस तिनं काहीच केलं नाही. क्लास घेतला, गोळ्या दिल्या आणि दुपारी तानाबाईचं घर चालवलं.

त्या घरातही तेव्हा ओढाताण चालली होती. चौथ्या पिढीतल्या बाळाबाईचे आईबाप लवकर गेले, ती लवकर मोकळी झाली, त्यामुळं लग्न लवकर, लेकरू लवकर. म्हणजे तानाबाई हाताशी आली तेव्हा आई अजून धडधाकट होती. आणि ह्या खेळाची एक खोड आहे. सुखात ठेवलेलं म्हातारं माणूस जास्त जगतं. शिवलीलाला दुसरं काय येत होतं? तिनं बाळाबाईला वेळेवर जेवण, वेळेवर झोप, बागेत खुर्ची, सगळं दिलं. बाळाबाई काही केल्या मरेना. तिकडं समोरच्या घरातला एक टोपीवाला रोज संध्याकाळी येऊन घंटी वाजवायचा, तानाबाईशी गप्पा मारायचा आणि परत जायचा. सातवा नियम आडवा होता. थोरलीनं आईबाप आहेत तोवर त्यांचं सगळं करायचं. ते गेल्यावरच आपलं लग्न बघायचं.

चौदावा दिवस मंगळवार होता. दोन चाळीसला पडद्यावर पिपाणी वाजली. तानाबाईचा वाढदिवस. ती स्वतःभोवती गिरकी घेऊन उडाली, रंगीत कागद उधळले आणि खाली आली ती पांढऱ्या केसांची, पाठीत वाकलेली. मागं बाळाबाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. मायलेकी आता बहिणी दिसत होत्या. केस पिकल्यावर ह्या खेळात बाईला लेकरू होत नाही. घराणं पाचव्या पिढीतच संपलं होतं.

शिवलीलाचा हात सेव्ह करायला गेला.

"थांबा, थांबा मॅडम!" शेजारच्या खुर्चीत डबा खात बसलेली राजनंदिनी ओरडली. "आज मंगळवार हाय. वीस मिंटात लाइट जातीया. सेव्ह करू नगासा, नुस्तं बसा."

"नियम हाय. मोठी घटना घडली की लगेच सेव्ह."

"कुणाला कळणार हाय?"

"मला."

राजनंदिनीनं हात पुसला आणि वही ओढून घेतली. "बरं, हिला कुठल्या नियमानं घालवली ते तर बघू दे." तिनं सातवा नियम मोठ्यानं वाचला. मग पुन्हा वाचला. "हे कुठनं आणलंसा?"

"कागदावर हाय की."

"न्हाय मॅडम. असलं काय न्हाय."

"हाय. मी बघून उतरवलंय."

छापलेली पानं वहीच्या मागंच घडी घालून ठेवलेली होती. राजनंदिनीनं ती टेबलावर सरळ केली आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. वारसानं जन्मभर त्याच घरात ऱ्हायचं, दुसरीकडं बिऱ्हाड करायचं न्हाई. संपलं. लग्न करून नवरा त्या घरात आणायचा, एवढंच की. आईबाप मरूस्तवर थांबा म्हणून कोण म्हणतंय?"

शिवलीलानं चष्मा लावला. ओळ वाचली, आधीची वाचली, नंतरची वाचली, पान उलटून मागची बाजूही बघितली. स्वल्पविराम चुकला तर पोरींचे मार्क कापणारी बाई ती. सहाव्या नियमापुढं 'हा आपला' लिहिलं होतं. सातव्यापुढं काहीच लिहिलं नव्हतं. आपल्या पदरचं आहे हे तिला उतरवताना कळलंच नव्हतं. सहा महिने ती हा नियम परक्यांचा समजून पाळत होती.

तेवढ्यात पंखा मंदावला आणि पडदा काळा झाला. तीन वाजले होते.

"वाचली की तानाबाई!" राजनंदिनीनं टाळी वाजवली. "आता लाइट आल्या आल्या पयल्यांदा तिचं लगीन लावून टाका. टोपीवाला तयारच हाय."

 शिवलीलानं वही पिशवीत टाकली, संध्याकाळच्या बॅच राजनंदिनीला सांभाळायला सांगितल्या आणि ती घराकडं चालू लागली. उन्हाचं, रिक्षा न करता. तानाबाईचं बरं आहे, तिला वाटलं. एक्केचाळीस वर्षांच्या बाईची लाइट जाऊन ती काही परत सत्तावीसची होत नाही. वाटेत ती एकेकाला आठवून बघत होती. हा नियम तिला घातला कुणी? अप्पांना तर लकव्यानंतर धड बोलताच येत नव्हतं. बसवेशनं दोनदा पत्र लिहिलं होतं, की अक्का, तू लग्न कर, अप्पांना बघायला आपण बाई ठेवू. दोन्ही पत्रांचा तिला तेव्हा संताप आला होता. आण्णानं तर उलट स्थळ आणलं. राहता राहिली अव्वा.

शांतव्वा सोप्यात बसून सुपात शेंगा फोडत होती. "आज लवकर गं?"

शिवलीलानं चपलासुद्धा काढल्या नाहीत. "अव्वा, तू मला कवा लगीन करू नगो म्हणालीयास काय?"

"मी? मी कशाला म्हणू?"

"मग कर म्हणून बी कवा म्हणाली न्हाईस."

शांतव्वानं हातातली शेंग खाली ठेवली. "तूच म्हणालीस की. अप्पा बरं झाल्यावर. मग म्हणालीस अप्पा हाईत तवर नगो. मग म्हणालीस तुझं कोण बघणार. मला वाटलं, हिला लगीनच नगो हाय, सांगायला सबब पायजे. मग रोज रोज पोरीला कशाला टोचायचं?"

"गारगोटीचं ते..."

"ठावं हाय. आण्णा सांगून गेलाय. आठ दिवस झालं."

"आणि तू गप बसलीस?"

"तू कवा काय बोलतीस, बघत बसलो."

शिवलीला उंबऱ्याशीच भिंतीला टेकून उभी राहिली. शांतव्वानं सूप बाजूला सारलं. ती आवाज न चढवता बोलायला लागली, आणि ह्या घरात आवाज न चढवता बोलणं म्हणजे काहीतरी मोठं असतं.

"लीला, तुझा अप्पा गेला तवाच मला बी जायचं हुतं. काय ऱ्हायलंय हितं? गुडघं गेलं, डोळं गेलं. पण म्हटलं, मी गेलो की ही एकटी पडंल. घरात आल्यावर 'लवकर आलीस गं' म्हणाय कोण न्हाई. म्हणून तुझ्या गोळ्या खातोय. ते कडू कारलं पितोय. पाटंचं उठून चालाय जातोय, पाय ओढत. तुला वाटतंय तू मला जगवतीयास. अगं, तुझ्यापायी मी मरंना झालोय, बाई."

शिवलीलाला राग आला. खूप आला. चौदा वर्षांचा होता, एकदम वर आला. पण समोर एकोणऐंशी वर्षांची बाई बसली होती, कुणाला सोसणार नाही एवढं कारलं पिऊन पिऊन तिच्यासाठी जिवंत राहिलेली. हिच्यावर काढणार कसा? ती खाली बसली आणि सुपातल्या शेंगा फोडायला लागली. 

"मी गारगोटीला गेलो तर तू?" शिवलीलानं विचारलं.

"मी बी येतो की संगट. लेकीच्या दारात ऱ्हाऊ न्हाई म्हंत्यात. म्हणू देत. न्हाईच करमलं तर बसवेशकडं धाड." शांतव्वानं एक शेंगदाणा तोंडात टाकला. "आणि तिथं कारलं पिणार न्हाई मी. आत्ताच सांगतो."

श्रीशैल कारखान्यातून सहाला घरी यायचा. शिवलीलानं सव्वासहाला फोन लावला. तिकडं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"मी शिवलीला बोलतोय. राजारामपुरीतनं."

"बोला की."

"व्हय म्हणाय फोन केलाय."

 तिकडं कुकर बंद केल्याचं कळलं. मग तो म्हणाला, "आईचं काय?"

"अव्वा येती संगट."

"येऊ देत की. घर मोकळं हाय. आणि तुमच्या काय अटी, काय नियम असतील तर आत्ताच सांगा. मागनं नगो."

"काय न्हाईत," शिवलीला म्हणाली.

"मग एक इचारू? राग मानू नगासा. चार वर्सं झाली मला इचारून. त्याच्याआधी संकेश्वरचं हुतं म्हंत्यात. कुणी थांब म्हणालं हुतं काय तुमास्नी?"

शिवलीलानं फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला. आत शांतव्वा फोडलेल्या शेंगांची टरफलं गोळा करत होती.

"कुणी थांब म्हणालं असतं," ती म्हणाली, "तर तवाच भांडून गेलो असतो की."